सुवर्णपदकाची साक्ष कितपत ग्राह्य?

नौदलाच्या इतिहासावरची लोकप्रिय पुस्तके, पदकांच्या लिलावांची सूचीपत्रे आणि संग्राहकांच्या चर्चा यांत एक मत इतके रुजले आहे की ते मत आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ते असे : ज्या कप्तानाला लढाईबद्दल सुवर्णपदक मिळाले तो त्या दिवशी शौर्याने लढला, आणि ज्याला मिळाले नाही त्याच्याकडून काहीतरी उणे राहिले. ब्रिटिश आरमाराने 1794 ते 1815 या काळात दिलेल्या सुवर्णपदकाबद्दल तर हे मत फारच ठामपणे मांडले जाते. त्याच्या पोटात दुसरेही एक मत आहे. कप्तान कथबर्ट कॉलिंगवूडने 1797 साली पदक घ्यायला नकार दिला तो मानभावीपणाने, दुखावलेल्या अहंकारापोटी, असे अनेक चरित्रकार थोड्या सहानुभूतीने का होईना, सुचवून जातात. ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. पहिले चुकीचे आहे म्हणूनच दुसरेही आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा अन्याय होईल, म्हणून तो पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पदकासाठी नावे सुचवणारा सेनापती स्वतः रणात हजर असे, आणि त्याच्याइतका जाणकार साक्षीदार दुसरा कोण? पदक सरसकट वाटले जात नसे. पहिल्याच लढाईत काही कप्तानांना ते मिळाले, काहींना नाही. म्हणजे पारख झालीच होती. शिवाय कॉलिंगवूडला ते पुढे मिळाले, तेव्हा व्यवस्थेकडून चूक झाली असली तरी व्यवस्थेनेच ती दुरुस्त केली. हे तीनही मुद्दे वरवर पाहता पटण्याजोगे आहेत. कागदपत्रांशेजारी ठेवले की मात्र ते टिकत नाहीत.

आधी पदकाकडेच पाहू. एका अंगाला प्राचीन गलबताच्या नाळेवर उतरणारी पंखधारी विजयदेवता ब्रिटानियाच्या मस्तकी हार घालते आहे. दुसऱ्या अंगाला लॉरेल आणि ओक यांच्या पानांच्या वेढ्यात अक्षरे कोरलेली असतात : अधिकाऱ्याचे नाव, त्याचा हुद्दा, जहाज, तारीख आणि शत्रूचा पराभव झाला ही नोंद. त्या माणसाने काय केले, याचा एक शब्दही तिथे नाही. नौसेनापतींसाठी पदक मोठ्या आकाराचे, कप्तानांसाठी लहान आकाराचे. लेफ्टनंटसाठी नाही, तोफखान्यावरच्या माणसासाठी नाही, शिडावर चढणाऱ्या खलाशासाठी तर नाहीच. म्हणजे हे पदक स्वतःबद्दल जो दावा करते तो एवढाच की अमुक माणूस अमुक जहाजाचा प्रमुख होता आणि त्या दिवशी विजय मिळाला. शौर्याचा दावा आपण नंतर त्याच्यावर लादला आहे.

आता 1 जून 1794 या दिवसाकडे वळू. क्रांतिकारी फ्रान्समध्ये धान्याची टंचाई होती आणि अमेरिकेहून धान्याने भरलेल्या व्यापारी जहाजांचा मोठा तांडा ब्रेस्टकडे निघाला होता. त्याला वाट मोकळी करून द्यायला व्हिलारे द झ्वाय्योझचे आरमार समुद्रात उतरले, आणि ते गाठायला लॉर्ड हाऊचे. 28 आणि 29 मे रोजी चकमकी झाल्या, मग धुके पसरले, आणि 1 जूनला मोठी लढाई जुंपली. ब्रिटिशांची 25 मोठी लढाऊ जहाजे, फ्रेंचांची 26. दिवस मावळेपर्यंत फ्रेंचांची सहा जहाजे पकडली गेली होती आणि ‘वांजर’ हे सातवे बुडाले होते. धान्याचा तांडा मात्र सुखरूप ब्रेस्टला पोचला. म्हणून त्या दिवसाला फ्रेंचही आपला विजय मानतात, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असे म्हणवत नाही.

हाऊ तेव्हा 68 वर्षांचा होता. सलग कित्येक दिवस त्याला धड झोप नव्हती. लढाई संपली तेव्हा तो इतका थकला होता की जहाजाच्या हेलकाव्यात त्याचा तोल गेला आणि त्याच्याच जहाजावरच्या एडवर्ड कॉड्रिंग्टन या तरुण लेफ्टनंटने त्याला सावरले, अशी आठवण कॉड्रिंग्टनने सांगितली आहे. हाऊचे ‘क्वीन शार्लट’ स्वतः शत्रूची रांग फोडून आत शिरले होते आणि दोन्ही बाजूंनी गोळे खात होते. काळ्या दारूचा धूर, काही मैल लांबीची रांग, शिडे फाटून लोंबणारी जहाजे. या स्थितीत पुढच्या चौथ्या जहाजावर काय चालले आहे हे त्याला दिसले असेल, असे म्हणायला आधार नाही. ‘रणात हजर होता’ यावरून ‘सगळे पाहिले’ असा निष्कर्ष निघत नाही. आरमारी लढाईत तर सेनापती जितका शूर तितका तो स्वतःच्याच जहाजाच्या धुरात गुरफटलेला.

हाऊला हे ठाऊक होते, आणि इथेच पूर्वपक्षाचा पाया खचतो. आपल्या पहिल्या खलित्यात त्याने एकेका कप्तानाची निवड करून नावे दिली नाहीत. लंडनहून विचारणा झाली, तेव्हा त्याने नाखुशीने आणखी एक यादी धाडली. त्या यादीतच त्याने लिहून ठेवले की या नावांच्या उल्लेखावरून इतर कप्तानांबद्दल प्रतिकूल अर्थ काढला जाऊ नये. तेही तितकेच पात्र असू शकतील, मात्र त्यांच्या कामगिरीचा तपशील देणे आपल्याला शक्य नाही. ही यादी ज्याने केली त्याचेच हे निवेदन आहे. मी इतक्यांबद्दल सांगू शकतो, बाकीच्यांबद्दल सांगू शकत नाही, असे तो म्हणतो. बाकीचे कमी पडले, असे तो कुठेही म्हणत नाही. पदके ठरवताना मात्र ती यादी जणू निकालपत्र म्हणून वापरली गेली. ज्यांची नावे होती त्यांना पदक मिळाले आणि ज्यांची नव्हती ते वगळले गेले. साक्षीदाराने ‘मला माहीत नाही’ म्हणावे आणि न्यायालयाने ते ‘गुन्हा सिद्ध’ असे नोंदवावे, असाच हा प्रकार होता.

वगळलेल्यांत ‘बारफ्लर’चा कप्तान कॉलिंगवूड होता. या जहाजावर रिअर-अ‍ॅडमिरल जॉर्ज बोयरचे निशाण होते. लढाई सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता तोच बोयर पाय गमावून कोसळला आणि कॉलिंगवूडने त्याला हातांवर झेलले. त्याला खाली नेल्यावर उरलेला सगळा वेळ जहाज लढवले ते कॉलिंगवूडने. नंतर बोयरला सुवर्णपदक मिळाले, बॅरोनेट ही पदवी मिळाली, वर्षाला 1000 पौंडांचे निवृत्तिवेतनही मिळाले. जखमी सेनानीच्या वाट्याला आलेला तो सन्मान रास्तच होता. पण ज्या जहाजाच्या कामगिरीसाठी त्याच्या सेनानीला पदक, त्याच जहाजाच्या, त्याच तोफांच्या, त्याच दिवसाच्या कामगिरीसाठी कप्तानाला काही नाही, हे कोणत्या पारखीत बसते? जहाज नीट लढले नसेल तर बोयरचे पदक चूक, आणि नीट लढले असेल तर कॉलिंगवूडला वगळणे चूक. दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

यावर थोडे जाणकार पूर्वपक्षी एक मुद्दा काढतात. हाऊचा हुकूम होता की प्रत्येक जहाजाने समोरच्या शत्रूची रांग फोडून पलीकडून लढावे. ‘बारफ्लर’ने ती फोडली नाही, वाऱ्याच्या बाजूनेच लढले, म्हणून पदक नाही. हा मुद्दा ऐकायला तांत्रिक आणि म्हणून वजनदार वाटतो. पण त्या दिवशी रांग फोडून आत शिरली ती सहा-सात जहाजेच. बाकीची बहुतेक ‘बारफ्लर’सारखीच वाऱ्याच्या बाजूने लढली. त्यांतल्या ‘बेलेरोफॉन’वरच्या रिअर-अ‍ॅडमिरल पास्लीला पदक मिळाले, त्याच्या कप्तान होपलाही मिळाले. ‘बारफ्लर’च्या लगतच्या ‘इन्व्हिन्सिबल’च्या कप्तान पाकनहॅमलाही मिळाले. पाकनहॅमने तर सरळ सांगून टाकले की कॉलिंगवूड पदकाला पात्र नसेल तर आपणही नाही, कारण दिवसभर दोघे बरोबरच लढत होते. शेजारच्या जहाजावरच्या, स्वतः पदक मिळवलेल्या माणसाची ही साक्ष आहे. यादी करणाऱ्यापेक्षा त्याला ‘बारफ्लर’ जवळून दिसत होते.

आणखी एक गोष्ट. त्या दिवशी खरोखर कमी पडल्याचा आरोप ज्याच्यावर झाला तो ‘सीझर’चा कप्तान मॉलॉय. त्याच्यावर 1795 मध्ये लष्करी न्यायालयात खटला चालला, साक्षी झाल्या, आणि त्याला जहाजावरून काढण्यात आले. दोष ठरवायचे साधन आरमारापाशी होते, आणि लागले तेव्हा ते वापरलेही गेले. कॉलिंगवूडवर असा आरोप कोणी केला नाही. रिअर-अ‍ॅडमिरल कॉल्डवेलवर केला नाही, त्याच्या ‘इम्प्रेग्नेबल’चा कप्तान वेस्टकॉटवरही नाही. तरी तिघेही यादीबाहेर राहिले.

वेस्टकॉटबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. हा बेकऱ्याचा मुलगा. वशिल्यावर चालणाऱ्या त्या काळात खालून वर चढत कप्तान झालेला. 1794 साली तो यादीत बसला नाही. चार वर्षांनी नाईलच्या लढाईत ‘मॅजेस्टिक’चा कप्तान म्हणून लढताना तो मारला गेला. पुढे नेल्सन हॉनिटन गावी त्याच्या आईला भेटला, तेव्हा तिची परिस्थिती हलाखीची होती आणि वेस्टकॉटचा भाऊ शिंपीकाम करत होता. नेल्सनने एका पत्रात हे लिहून ठेवले आहे. पदक नसणे हा उणेपणाचा पुरावा मानायचा तर या माणसाबद्दल 1 जूनच्या संध्याकाळी काय निष्कर्ष काढायचा, आणि तो 1 ऑगस्ट 1798 च्या रात्रीशी कसा जुळवायचा, हे पूर्वपक्षाने सांगावे.

आता 14 फेब्रुवारी 1797, सेंट व्हिन्सेंटच्या भूशिराजवळची लढाई. जॉन जर्व्हिसची 15 मोठी जहाजे, स्पॅनिशांची 27. नेल्सनने रांग सोडून ‘कॅप्टन’ हे आपले जहाज शत्रूच्या वाटेत आडवे घातले आणि ते जवळजवळ मोडकळीला आले. त्या क्षणी कॉलिंगवूडचे ‘एक्सलंट’ मध्ये घुसले. त्याच्या माऱ्याखाली ‘सान इसिद्रो’ शरण आले, आणि मग त्याने ‘सान निकोलस’ला इतक्या जवळून झोडपले की ते ‘सान होसे’ला भिडले. नेल्सनने ती दोन्ही जहाजे ताब्यात घेतली ती यानंतर. दुसऱ्याच दिवशी नेल्सनने कॉलिंगवूडला आभाराचे पत्र लिहिले. दोघे तरुणपणापासूनचे मित्र होते, पण ते पत्र केवळ मैत्रीचे नाही.

या लढाईबद्दल पदके मोठ्या लढाऊ जहाजांच्या सगळ्या कप्तानांना द्यायचे ठरले. जर्व्हिसने आपल्या जाहीर खलित्यात कप्तानांची वेचक यादी दिलीच नव्हती; हाऊच्या यादीने केवढी कटुता माजली होती हे सगळ्या आरमाराला माहीत होते. म्हणजे तीन वर्षांपूर्वी सेनापतीच्या पत्रात नाव असेल तर पदक, आणि आता कप्तान म्हणून हजर असाल तर पदक. मोजपट्टीच बदलली. एकाच साच्यातून पडलेली, एकाच फितीला लावलेली ही दोन पदके दोन वेगळ्या गोष्टींची नोंद करतात, आणि पाहणाऱ्याला तो फरक कळण्याचा काही मार्ग नाही.

जर्व्हिसने पदकाची बातमी सांगितली तेव्हा कॉलिंगवूडने उत्तर दिले की 1 जूनचे पदक मिळत नाही तोवर हे आपण घेऊ शकत नाही. हा अहंकार होता का? त्याच्या जागी उभे राहून पाहा. सेंट व्हिन्सेंटचे पदक त्याने मुकाट्याने घेतले असते तर ते त्याच्या अंगरख्यावर रोज दिसले असते, आणि शेजारची मोकळी जागाही रोज दिसली असती. 1 जूनला हा माणूस हजर होता, मग पदक का नाही? हा प्रश्न आणि त्याचे ठरलेले उत्तर प्रत्येक पाहणाऱ्याच्या मनात उमटले असते. एक पदक स्वीकारणे म्हणजे पदक देणाऱ्याचा निवाडा मान्य करणे, आणि तो मान्य केला की आधीचा निवाडाही मान्य केल्यासारखेच. कॉलिंगवूडला हे स्वच्छ दिसले. त्याने सन्मान नाकारला नाही, न झालेल्या चौकशीवर मूक संमतीची सही करायचे नाकारले. शिवाय हे सांगताना तो मंत्र्यांच्या दारी गेला नाही की जाहीर वाद घातला नाही. सेनापतीने विचारले तेव्हा सेनापतीला सांगितले, इतकेच. जर्व्हिसला हे उत्तर अपेक्षितच होते. नौदलमंत्री लॉर्ड स्पेन्सरने पुढे दोन्ही पदके एकदम धाडली.

‘मग व्यवस्थेने चूक दुरुस्त केलीच ना?’ नाही केली. 1794 सालचे पुरावे कोणी पुन्हा तपासले नाहीत. ‘बारफ्लर’च्या नोंदवह्या कोणी मागवल्या नाहीत, पाकनहॅमची साक्ष कोणी घेतली नाही. बदलले ते इतकेच की कॉलिंगवूड आता नव्या विजयाचा मोहरा झाला होता आणि त्याच्या पाठीशी विजयी सेनापती उभा होता. कॉल्डवेलच्या वाट्याला अशी दुसरी मोठी लढाई आली नाही, आणि 1 जूनचे पदकही आले नाही. त्याच्याविरुद्धचा पुरावा कॉलिंगवूडच्या विरुद्ध होता तेवढाच होता, म्हणजे नव्हताच. ज्या दुरुस्तीला पुरावा लागत नाही, वजन लागते, तिला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

पुढची उदाहरणे भराभर पाहिली तरी पुरे. नाईलच्या लढाईत ट्रूब्रिजचे ‘कलोडन’ उथळ पाण्यात रुतले आणि लढाईत त्याला भागच घेता आला नाही. लंडनचा कल त्याला वगळण्याकडे होता. नेल्सनने आग्रह धरला आणि पदक मिळाले. ट्रूब्रिज उत्तम कप्तान होता याबद्दल मला शंका नाही, पण ते पदक त्या रात्रीच्या युद्धाचे नाही, नेल्सनच्या शब्दाचे आहे. 2 एप्रिल 1801 ची कोपनहेगनची लढाई नेल्सनच्या कठीणातल्या कठीण लढायांपैकी एक. तिथे कोणालाच पदक मिळाले नाही. डेन्मार्कशी युद्ध रीतसर जाहीर झालेले नव्हते, आणि तो विजय मिरवणे राजकारणाला सोयीचे नव्हते. नेल्सन आपल्या कप्तानांसाठी अखेरपर्यंत भांडत राहिला. ट्रफॅल्गरला ‘एजॅक्स’ आणि ‘थंडरर’ यांचे कप्तान अ‍ॅडमिरल काल्डरच्या खटल्यात साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते, म्हणून ती जहाजे पिलफोल्ड आणि स्टॉकहॅम या लेफ्टनंटांनी लढवली. त्या दोघांना सुवर्णपदके मिळाली. इतर जहाजांवर जिवावर उदार होऊन लढलेले लेफ्टनंट मात्र केवळ त्यांचा कप्तान घरी गेला नव्हता म्हणून कोरडे राहिले.

अटलांटिकच्या पलीकडे अमेरिकी काँग्रेसनेही अशीच सुवर्णपदके दिली, आणि तिथे उलट टोकाचे उदाहरण सापडते. 10 सप्टेंबर 1813 रोजी ईरी सरोवराच्या लढाईत अमेरिकी सेनापती पेरीचे ‘लॉरेन्स’ छिन्नविच्छिन्न होईपर्यंत त्याच्याच ताफ्यातले जेसी एलियटचे ‘नायगारा’ दूर राहिले. शेवटी पेरी लहान होडीतून ‘नायगारा’वर गेला आणि त्याने लढाई जिंकली. काँग्रेसने पेरीला सुवर्णपदक दिले आणि एलियटलाही दिले. 1818 साली खुद्द पेरीनेच एलियटवर त्या दिवसाच्या वर्तनाबद्दल आरोप दाखल केले. खरे कोणाचे, हा वाद आजही मिटलेला नाही. पण दोघांच्या पदकांकडे बघून तो मिटवता येईल, असे कोणीही म्हणणार नाही.

1815 मध्ये ‘ऑर्डर ऑफ द बाथ’चा विस्तार होऊन कप्तानांना तिच्या खालच्या वर्गात स्थान मिळाले आणि सुवर्णपदक बंद पडले. सामान्य खलाशांना मात्र 1847 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी चांदीचे नौदल सेवा पदक सुरू झाले, जे कोणी हयात असतील आणि अर्ज करतील त्यांच्यासाठी. त्यात कोपनहेगनही आले, आणि 1827 ची नव्हारिनोची लढाईही, जिथे तोच कॉड्रिंग्टन मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘एशिया’वर निशाण लावून लढला होता. याच पदकाच्या यादीत डॅनियल ट्रेमेंडस मॅकेन्झी हे नाव आहे. 1 जूनच्या लढाईवेळी ‘ट्रेमेंडस’ जहाजावर जन्मलेला हा मुलगा, आणि हुद्द्याच्या जागी नोंद आहे ‘बाळ’. त्याला पदक मिळाले. ट्रफॅल्गरला ‘डिफायन्स’वर असलेल्या जेन टाउनशेंडचा अर्ज मात्र फेटाळला गेला, कारण तिला दिले तर आणखी बायका मागतील. तोफा धडधडत असताना जन्मलेल्या बाळाचा हक्क मान्य, आणि जखमींना सांभाळणाऱ्या, तोफांना दारू पोचवणाऱ्या बायकांचा अमान्य! ही यादी वाचताना मला आजही संताप येतो.

‘मग पदकांना काहीच किंमत नाही का?’ आहे, आणि इतिहासकाराला तर मोठीच आहे. पदकावरून कळते की कोणाचे पत्र कोणी वाचले, कोणत्या हुद्द्याला मान द्यायचे ठरले, कोणता विजय सरकारला मिरवायचा होता आणि कोणता झाकायचा. हे सगळे जाणून घेण्यासारखे आहे. कप्तानाने काय केले हे मात्र नोंदवह्यांतून, खटल्यांच्या साक्षींतून, शेजारच्या जहाजावरच्या माणसांच्या पत्रांतूनच शोधावे लागते. ते काम कष्टाचे आहे, आणि पदक पाहून ते टाळता येत नाही.

ज्याला यादीचे दुःख ठाऊक होते त्याच्यावरच पुढे यादी करायची वेळ आली. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफॅल्गरला नेल्सन पडला आणि विजयाचा खलिता लिहिणे कॉलिंगवूडकडे आले. मागून संथपणे पोचलेल्या काही जहाजांबद्दल आरमारात तेव्हाही कुजबुज होती, आणि कोणाला उचलून धरायचे, कोणाला वगळायचे हे सर्वस्वी त्याच्या हाती होते. दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या त्या खलित्यात त्याने नेल्सनचा शोक केला, पडलेल्या कप्तानांची नावे दिली, एखाद्या जहाजावरचा प्रसंग सांगितला. हयात कप्तानांची निवडक यादी मात्र दिली नाही. एकेकाची वेगळी स्तुती करायची गरज नाही, सगळ्यांना चेतवणारी ऊर्मी एकच होती, अशा आशयाचे त्याने लिहिले. मोठ्या लढाऊ जहाजांच्या सगळ्या कप्तानांना पदके मिळाली.